आजोबांचं बत्तीस बोअर रेंजवर नेताना

निफाडकडच्या एका तरुण द्राक्ष बागायतदाराने विचारलं आहे. आजोबांचं इंग्लंडच्या वेब्ली कंपनीचं .३२ रिव्हॉल्व्हर वारसाहक्काने त्याच्या परवान्यावर चढलं आहे. गेल्या पंचवीसएक वर्षांत त्यातून एकही गोळी सुटलेली नाही. ते नेमबाजीच्या रेंजवर चालवावं की नुसतं जपून ठेवावं? चालवायचं तर त्याची मजा कशी घ्यायची? मित्र म्हणतो तसं आधी निकेल पॉलिश करून घ्यावं का? आणि सोबत जुन्या काडतुसांचा एक पुठ्ठ्याचा डबा आलाय, त्यावर आजोबांच्या अक्षरात 'मोजून २३' लिहिलंय, त्याचं काय करायचं?

पॉलिशचं आधी सांगतो, कारण तिथली चूक दुरुस्त होत नाही. करू नका. जुनं शस्त्र हाती आलं की त्याला वरातीच्या घोड्यासारखं चकाकवायची आपल्याकडे भारी हौस. निकेल चढवण्याआधी कारागीर ते बफिंगच्या चाकावर धरतो. त्यात कडा गोल होतात, कंपनीची अक्षरं पुसट होतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रूफचे शिक्के जातात. हे शिक्के म्हणजे तुमच्या रिव्हॉल्व्हरची जन्मपत्रिका. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये मुद्दाम जादा दाबाचं काडतूस उडवून शस्त्र तपासत आणि ते टिकलं तरच शिक्का ठोकत. १९०४ ते १९५४ या काळातल्या बर्मिंगहॅमच्या शस्त्रावर मुकुटाखाली 'एनपी' ही अक्षरं दिसली की समजावं, बिनधुराच्या दारूवर त्याची परीक्षा झालेली आहे. पुढच्या काळात तिथे 'बीएनपी' आलं. बेल्जियमच्या लिएजमध्ये तपासलेल्या शस्त्रावर अंडाकृतीत 'ईएलजी' असतं आणि बिनधुराच्या दारूसाठी सिंहाखाली 'पीव्ही'. हे शिक्के घासून गेले तर पुढे कोणी ते शस्त्र माझ्यासमोर ठेवल्यावर मी त्याला नाहीच म्हणणार. वेब्लीचा उतरलेला निळा-काळा रंग आणि मुठीजवळची तपकिरी झाक तशीच राहू द्या. ती आजोबांच्या हाताची आहे.

आता मुख्य प्रश्न. चालवा. जुनं शस्त्र कपाटात पडून जास्त बिघडतं असं माझं मत आहे. मात्र आधी ते तपासून घ्या, आणि नव्या पिस्तुलासारखं वापरू नका.

कागदांचं थोडक्यात सांगतो. निफाड ग्रामीण भागात येतं म्हणून तुमचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा असेल. नाशिक शहरातल्यांचा पोलीस आयुक्तालयाचा असतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारशाने आलेलं शस्त्रही त्या दोनातच मोजलं जातं. परवान्याची मुदत तेव्हापासून तीनऐवजी पाच वर्षं झाली. रेंजवर येताना मूळ परवाना जवळ ठेवा, शस्त्र रिकामं आणि काडतुसं वेगळ्या पिशवीत. आणि तुमच्या परवान्यावरचं शस्त्र तुम्हीच चालवायचं. बरोबर आलेल्या भावाला 'एक मारून बघ' म्हणून ते हातात द्यायचं नाही. रेंज ऑफिसरने त्यावरून हटकलं तर राग मानू नका.

निफाडचंच काय, देशभरातल्या जुन्या घरांत .३२ का सापडतं, हेही सांगतो. .४५५ ची मोठी लष्करी वेब्ली, .३८ ची एन्फिल्ड, नऊ एमएमची पिस्तुलं ही सगळी आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्यांना बंदी असलेल्या मापांत मोडतात. सामान्य माणसाला .३२ मिळत आलं. त्यातून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी हँडगनची आयात बंद झाली, त्यामुळे इंग्लंड-बेल्जियम-अमेरिकेहून आधी आलेलीच शस्त्रं हस्ते-परहस्ते फिरत राहिली. कानपूरला सरकारी कारखान्यात बनणारं .३२ रिव्हॉल्व्हर हेही तुमच्या वेब्लीच्याच घराण्यातलं, मार्क फोरच्या आराखड्यावरून उतरलेलं. दोन्ही शेजारी ठेवली तर चुलत भावंडं वाटतात. म्हणून एकाचा भाग दुसऱ्यात ठोकून बसवायचा प्रयत्न मात्र करू नका.

तपासणी जाणकार शस्त्र कारागिराकडून करून घ्या, पण काय बघतात ते तुम्हालाही माहीत हवं. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, सिलिंडरची सहाही घरं, म्हणजे काडतुसं बसतात ती भोकं, रिकामी. हे एकदा बघून पुन्हा एकदा बोटाने चाचपायचं. मग घोडा अंगठ्याने हळूहळू मागे चढवा. (आपल्याकडे कोणी चापाला घोडा म्हणतं, कोणी हॅमरला. मी हॅमरला घोडा आणि ट्रिगरला चाप म्हणतो.) घोडा पूर्ण मागे अडकायच्या आत सिलिंडर 'टक्' करून जागेवर बसला पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून हलतोय, असं एका जरी घराला झालं तर घर आणि नळी समोरासमोर येत नाहीत. अशा वेळी गोळीचं शिसं नळीच्या कडेला तासलं जातं आणि बारीक कण बाजूला उडतात. शेजारच्या लेनवाल्याच्या चष्म्याला ते विचारा.

वेब्ली मधोमध मोडून उघडते, म्हणून तिचा जीव वरच्या कुलपात असतो. बंद केल्यावर एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळी धरून वर-खाली हलवून बघा. खडखड वाजली तर चालवायची नाही, बस. चित्रपटात मनगटाला झटका देऊन रिव्हॉल्व्हर बंद करतात. तसा शंभर वेळा झटका दिलेल्या रिव्हॉल्व्हरचं कुलूप कसं झालेलं असतं, हे मी पाहिलंय. उघडताना आणि बंद करताना दोन्ही हात वापरा.

नळीत उजेड धरून बघा. आतून एखादी काळी गोल कडी दिसली, किंवा बाहेरून बोट फिरवताना एखादा उंचवटा लागला, तर कधीतरी आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी सुटलेली आहे. स्प्रिंगा दमलेल्या असतात. घोड्याचं नाक, म्हणजे प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टिकलीवर) आदळणारं टोक, टणक पण ठिसूळ असतं. रिकाम्या घरावर सटासट घोडा पाडत बसायची सवय मोडा. सराव करायचाच असेल तर नकली काडतुसं, स्नॅप कॅप, घालून. मुठीच्या काळ्या पट्ट्या रबरासारख्या दिसतात, पण जुन्या व्हल्कनाइटच्या असल्या तर स्क्रू जरा जास्त पिळला की तडकतात.

आता काडतुसांकडे येतो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. रेंजवर मी पाहिलेले धोक्याचे प्रसंग बहुतेक इथलेच.

.३२ हा आकडा एक, पण त्या नावाची काडतुसं आपल्याकडे दोन चालतात. एक रिव्हॉल्व्हरचं, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, ज्याचा मेट्रिक आकडा ७.६५ × २३. ते १८९६ मध्ये आलं. दुसरं पिस्तुलाचं, .३२ एसीपी किंवा ७.६५ ब्राउनिंग, त्याचं कवच साधारण १७ मिलिमीटर लांब. ते १८९९ चं. गोळीची जाडी दोघांची जवळजवळ सारखी, कवचाचा घेरही सारखाच. पिस्तुलाचं काडतूस आखूड, पण त्याच्याही बुडाला बारीकशी कड असते. त्या कडेवर ते रिव्हॉल्व्हरच्या घरात जाऊन बसतं आणि वरवर बघता सगळं ठीक वाटतं. पण आतला दाब वेगळा. अमेरिकी मानकांनुसार पिस्तुलाच्या काडतुसाची कमाल मर्यादा २०,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि रिव्हॉल्व्हरच्या लाँगची १५,०००. शंभर वर्षांच्या जवळपास पोहोचलेल्या, मधोमध मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये वरचा दाब सोडायचा म्हणजे म्हाताऱ्या बैलाला ट्रॅक्टरची ट्रॉली जुंपण्यासारखं आहे.

एका सकाळी एक गृहस्थ दुकानातून नवी कोरी पाकिटं घेऊन आले. सहा काडतुसं भरून उभे राहिले. माझी नजर सहज सिलिंडरच्या तोंडाकडे गेली. गोळ्यांची टोकं फारच आत खोल दिसत होती. थांबवलं, काढली, तर पिस्तुलाची. 'दुकानात बत्तीस मागितली, त्यांनी बत्तीस दिली,' ते म्हणाले. दोघांचंही म्हणणं खरं होतं. तेव्हापासून मी नव्या माणसाला नुसतं 'बत्तीस' म्हणू देत नाही. 'बत्तीस रिव्हॉल्व्हर, लाँग' असं मागायचं आणि पाकिटावर ७.६५ × २३ वाचूनच पैसे द्यायचे.

आणि रिव्हॉल्व्हरवरचे शब्द वाचून घ्या. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग असेल तर लाँग चालेल. नुसतंच .३२ स्मिथ अँड वेसन असेल तर ते त्याआधीचं आखूड काडतूस, त्या घरात लाँग घालायचा प्रश्नच नाही. वाचता येत नसेल तर कारागीर घराची खोली मोजून सांगेल.

आपल्याकडच्या काडतुसांच्या बुडावर बहुतेकदा 'केएफ' असतं, म्हणजे किर्की फॅक्टरी. आपली खडकी, पुण्याची. कारखाना १८६९ पासूनचा. लहानपणी मला वाटायचं केएफ हे कुणा साहेबाचं नाव असावं.

दुसरा प्रसंग माझ्याच हातचा. एका जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरवर सराव करत होतो. पाचवी गोळी सुटली तेव्हा 'ठाप्' ऐवजी 'फुस्स' आवाज आला. धक्का नाही. हात सवयीने पुन्हा घोडा चढवायला गेला. मागून वस्ताद ओरडले, 'हात काढ!' नळी तपासली तर गोळी आत दोनेक इंचांवर अडकलेली. काडतुसात दारू पुरेशी नव्हती, प्रायमरच्या जोरावर तेवढं अंतर गेली होती. सहावी सोडली असती तर नळी फुगली असती, कदाचित फुटली असती. म्हणून वेगळा आवाज, हलका धक्का, कागदावर भोक नाही, यातलं काहीही झालं की थांबा, शस्त्र समोरच धरून ठेवा, रेंज ऑफिसरला हाक मारा. आणि नुसतं 'टिक्' झालं, गोळी सुटलीच नाही, तर अर्धा मिनिट तरी नळी लक्ष्याकडेच धरा. कधी कधी दारू उशिरा पेटते.

एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मजा कुठे आहे? आता तिकडेच येतो.

मी .२२ स्टँडर्ड पिस्तूल आणि नंतर सेंटरफायर, म्हणजे स्पर्धेचं मोठ्या बोअरचं पिस्तूल, मारत वाढलो. त्या शस्त्रांत सगळं आपल्या सोयीचं असतं. मूठ हाताच्या मापाने कोरलेली, दर्शक, म्हणजे नेम धरायची माशी आणि खाच, स्क्रूने इकडे-तिकडे सरकवायचे, चाप हलका. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅमचं वजन लागतं, सेंटरफायरला १,००० ग्रॅमचं. जुन्या वेब्लीवर घोडा न चढवता नुसता चाप ओढून गोळी सोडायची तर बोटाला पाच-सहा किलोंचा ओढ लागतो. पहिल्यांदा मारली तेव्हा माझ्या गोळ्या कागदावर मुठीने धान्य फेकावं तशा पसरल्या. कागद गुंडाळून खिशात घातला, कुणाला दाखवला नाही. पण त्या पहिल्या सहा गोळ्यांनी माझ्या बोटाचा जो खोटेपणा उघडा केला तो हलक्या चापाने कित्येक वर्षं झाकून ठेवला होता. मी शेवटच्या क्षणी चाप ओढत नव्हतो, झटकत होतो. महिनाभर वेब्ली मारून परत सेंटरफायरवर गेलो तेव्हा गुण वाढले होते.

तुम्ही सुरुवात दहा मीटरवरून करा. पहिल्या दिवशी सिलिंडरमध्ये एकच काडतूस. एक गोळी, उघडा, रिकामं कवच काढून बघा. प्रायमरवर खड्डा मधोमध पडलाय का, कवच कुठे फुगलं-तडकलं आहे का. अशी सहाही घरं एकेक करून तपासा. प्रत्येक घराला नेलपॉलिशचा बारीक ठिपका देऊन ओळखता येईल असं ठेवलं तर बरं, एखादंच घर गोळी बाजूला टाकत असेल तर सापडतं. (बायकोची नेलपॉलिश न विचारता घेऊ नका.) मग दोन-दोन, मग सहा.

उभं राहायचं कसं? या रिव्हॉल्व्हरच्या काळात एका हाताने मारायची पद्धत होती. लक्ष्याकडे खांदा, हात सरळ, दुसरा हात खिशात किंवा कमरेवर. मूठही तशाच हिशेबाने बनवलेली आहे. दोन हातांनी मारायला हरकत नाही, पण एकदा एका हाताने मारून बघाच. मुठीचा तो विचित्र बाक एकदम कळतो. घोडा चढवताना मूठ ढिली होते, हा सगळ्यांचा अनुभव. चढवला की नव्याने पकड घ्या, घाई करू नका.

दर्शक बघितलेत? पुढे पात्यासारखी बारीक माशी, मागे पत्र्यातली जेमतेम खाच. नव्या पिस्तुलाच्या ठळक दर्शकांची सवय असलेल्याला ही माशी सकाळच्या उन्हात दिसतच नाही. मी माशीवर मेणबत्तीची काजळी धरतो. चमक जाते. नजर माशीवर, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. निम्मी गंमत यातच आहे.

गोळ्या वर-खाली लागतील, त्याने बिचकू नका. स्थिर दर्शक ठरावीक काडतुसावर ठरावीक अंतरासाठी बसवलेले असतात. .३२ लाँगची नेहमीची गोळी ९८ ग्रेन वजनाची, वेग सेकंदाला ७०० फुटांच्या आसपास. याहून हलकी, वेगवान गोळी वापरली तर ती सहसा खाली लागते. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, आणि तेवढ्यात धक्क्याने नळी थोडी वर उचलली गेलेली असते. आधी कागदावर गोळ्यांचा झुबका बसू द्या, तो कुठेही बसो. मग नेम कुठे धरायचा ते ठरवा. वर जात असतील तर काळ्या गोलाच्या खालच्या कडेवर धरा. माशीला कानस लावायचा सल्ला देणारा कोणीतरी नक्की भेटेल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

अंतर वाढवून २५ मीटरवर गेलात की तिथल्या प्रिसिजन कागदावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं आणि काळा भाग २०० मिलिमीटरचा असतो. जुन्या वेब्लीने सहाही गोळ्या काळ्यात बसवल्यात तर माझ्याकडून मिसळ. फक्त मिसळ खाण्याआधी हात साबणाने, गार पाण्याने नीट धुवायचे. गोळीचं शिसं आणि प्रायमरची राख बोटांवर असते, आणि नाशिकच्या लोकांना रेंजवरून थेट मिसळीवर धाव घ्यायची वाईट खोड आहे. घरी लहान मूल असेल तर रेंजचे कपडे वेगळे धुवा.

किती मारायचं? माझं मत ऐकून काही जण हसतात. एका सकाळी अठरा गोळ्या. तीन सिलिंडर. .२२ ला शंभर मारा, तिला काही होत नाही. पण ही काडतुसं महाग, परवान्यावर त्यांची संख्या ठरलेली, आणि शस्त्र म्हातारं. अठरा गोळ्यांना दीड तास लागू द्या. एकेक गोळीनंतर हात खाली. सहा संपल्या की वेब्लीचं कुलूप अंगठ्याने दाबून नळी खाली झुकवा. मधली चांदणी वर उचलते आणि सहाही कवचं एकदम बाहेर पडतात, खणखणत. माझा जीव त्या आवाजात आहे, हे मोकळेपणाने सांगतो.  रिकामी कवचं मोजून गोळा करा, हिशेब लागतो.

एक वही ठेवा. तारीख, काडतुसाचा लॉट, हवा, नेम कुठे धरला, झुबका कुठे बसला. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कुठे जातो ते तुम्हाला सांगायला नको. त्या थंडीत आतलं जुनं ग्रीस घट्ट होऊन घोडा मंद पडतो आणि 'टिक्' होऊन राहतं. बरेच जण काडतुसाला दोष देतात. आधी जुनं ग्रीस काढून बघा.

पुढेमागे कोणाकडचं जुनं ब्राउनिंग किंवा कोल्ट पिस्तूल बघायला मिळालं तर नीट बघा. नाशिकमध्ये जुन्या पिस्तुलाचा विषय निघाला की हुतात्मा अनंत कान्हेऱ्यांचं नाव निघतंच. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सन. कान्हेऱ्यांच्या हातातलं ब्राउनिंग हे लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी होतं. आज जुनं म्हणून आपण ज्याच्याकडे कौतुकाने बघतो ते तेव्हा अगदी ताजं यंत्र होतं. वरची स्लाइड मागे सरकून पुढचं काडतूस स्वतःच भरणारं बेल्जियमच्या एफएन कंपनीचं १९०० चं मॉडेल बाजारात येऊन दहाच वर्षं झाली होती. .३२ एसीपी काडतूसही त्याच्याबरोबरच जन्मलं. त्या मॉडेलमध्ये मागे ढकलणारी स्प्रिंग नळीच्या वर असते आणि तीच स्प्रिंग प्रायमरवर आदळणाऱ्या आतल्या टाचणीलाही जोर देते. एका स्प्रिंगकडून दोन कामं. १९०३ च्या कोल्टमध्ये घोडा स्लाइडच्या आत लपवलेला. १९४५ पर्यंत पाच लाखांहून जास्त बनली ती. अशा पिस्तुलांना नव्या स्प्रिंगा न घालता मारू नका, आणि मॅगझिनमध्ये काडतुसं भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकत नाही ना ते बघा. त्या बारीक कडेचा हा दुसरा उपद्रव.

मारून झाल्यावरची निगा. घरी पोचल्या पोचल्या, संध्याकाळवर न टाकता. गजाला पितळी ब्रश लावून नळी आणि सहाही घरं घासा, मग सुती चिंध्या, स्वच्छ येईपर्यंत. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये असा क्षार असायचा की जळल्यावर त्याचं मीठ नळीत उरे, आणि ते हवेतलं पाणी ओढून गंज धरे. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून तेव्हाचे शिपाई आधी उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडं करून तेल. शंका असेल तर तुम्हीही तसंच करा. तेल रंगून ऑइल किंवा शिवणयंत्राचं. खोबरेल कदापि नाही. काही महिन्यांत त्याचा डिंक होतो आणि चाप चिकटतो. मी उघडलेल्या जुन्या घरगुती शस्त्रांपैकी कितीतरी खोबरेलाने जाम झालेली होती.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नका. दिसायला रुबाबदार, पण चामडं ओल धरतं आणि कमावताना लावलेल्या द्रव्यांनी लोखंड खातं. सुती कापडात हलकं तेल लावून गुंडाळा, कुलूपबंद लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. आणि बागायतदार आहात म्हणून मुद्दाम सांगतो. ज्या खोलीत गंधकाची पोती आणि बोर्डो मिश्रणासाठीचं मोरचूद असतं, तिच्या आसपास हे कपाट नको. गंधक आणि मोरचूद दोन्ही पोलादाचे वैरी. फवारणी करून आलेल्या हातांनीही रिव्हॉल्व्हर उचलू नका, निळसर बोटांचे ठसे गंजाच्या रूपात उमटलेले मी बघितलेत. आचारसंहितेत शस्त्र जमा करायची वेळ आली तर त्याआधी चांगलं तेल देऊन, पावतीवर नंबर नीट वाचून द्या. माझं एक शस्त्र अडीच महिन्यांनी परत आलं तेव्हा नळीवर देवीच्या व्रणांसारखे ठिपके होते. तेव्हापासून जमा करण्याआधी मी नळीच्या आतही तेलाची चिंधी फिरवतो.

राहिला डबा. ती काडतुसं मारू नका. पितळेवर हिरवा गंज दिसत असेल, नसेलही, पण इतक्या वर्षांत प्रायमर आणि दारूचं काय झालं हे बाहेरून कळत नाही. 'फुस्स' होणारी गोळी अशाच डब्यातून निघते. उघडून दारू काढायचा, उन्हात वाळवायचा, विहिरीत टाकायचा उद्योग नको. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन जमा करा आणि परवान्यावर नोंद करून घ्या. पुठ्ठ्याचा रिकामा डबा मात्र मागून घ्या, तो वहीत चिकटवायला चांगला. जाण्याआधी काडतुसं स्वतः मोजा. आजोबांनी २३ लिहिलंय, तर आत तेवढीच आहेत का बघा, आणि जितकी असतील तितक्याचीच पावती घ्या.